पोटाच्या ऑपरेशनला सोबत कोण?

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, हे पहिल्यांदा सांगून टाकते. माझी कंबर दुखते ती पोटामुळं, असं मी दोन वर्षं सांगत होते. पुण्यातल्या मुलाला फोनवर सांगितलं, तो म्हणाला बाम लाव. सुनेनं विचारलं, चालायला जाता का? आमच्या खालच्या मजल्यावरच्या मामी तर म्हणाल्या, तुझ्या त्या हॉस्पिटलात बायका पोटं कापून घेतात, ती बघून बघून तुलाही हौस आली असेल. हौस! बावन्न वर्षांची बाई मी. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. सकाळी सातला पदर खोचून कामाला जाते, संध्याकाळी येऊन रसम-भात खाते आणि पडते. पोट दाखवायचंय कोणाला?

चेन्नईत मैलापुरातल्या एका लहानशा हॉस्पिटलात मी आया आहे. चौदा वर्षं झाली. नवरा इथंच आवडी नावाच्या उपनगरात सरकारी कारखान्यात होता म्हणून कराडकडून इकडं आले. तो गेला, क्वार्टर गेलं, मी राहिले. आमच्याकडं प्लास्टिक सर्जरी होते. भाजलेले येतात, बोटं तुटलेले येतात, आणि त्यांच्याहून जास्त टमी टकवाल्या येतात.

तुझ्याकडं एवढे किस्से कसे, असं मला विचारतात. अहो, घरी ऐकणारं कोणी असलं की किस्सा त्याच दिवशी जेवताना संपतो. नसलं की साठतो. माझ्याकडं नऊ वर्षांचे साठलेत.

टमी टक म्हणजे काय ते आधी सांगते, कारण येणाऱ्या निम्म्या बायकांना ते धड ठाऊक नसतं. बेंबीच्या खालची लोंबणारी कातडी डॉक्टर काढून टाकतात. बाळंतपणात मधोमध फाकलेले स्नायू शिवून जवळ आणतात. वरची कातडी खाली ओढून घेतात, म्हणून बेंबीला नवं भोक पाडावं लागतं. खूण राहते ती या कमरेपासून त्या कमरेपर्यंत, आणि जन्मभर राहते. निऱ्यांखाली झाकते एवढंच. आत दोन नळ्या ठेवतात, त्यांच्या टोकाला लिंबाएवढे फुगे असतात, त्यांत लालसर पाणी जमतं. आठ-दहा दिवस सरळ उभं राहता येत नाही. सहा आठवडे पट्टा, आणि सहा आठवडे जड उचलायचं नाही. बेंबीखाली महिनोन्‌महिने हात लावलेला कळत नाही. एवढं ऐकूनही करायचं असेल तर करा. चांगलं होतं, मी डोळ्यांनी बघितलंय.

फक्त एक नियम आहे. फॉर्मवर अटेंडरचा रकाना असतो, म्हणजे घरी गेल्यावर पंधरा दिवस सांभाळणारं माणूस. त्याचं नाव, नातं, सही. तो रकाना रिकामा असला तर आमचे डॉक्टर सुरीला हात लावत नाहीत. आणि या बायका येतात बहुतेक एकट्या, घरी न सांगता. मग काउंटरवरची सेल्वी पेन उचलते आणि माझं नाव घालते. नात्याच्या जागी लिहिते अक्का, म्हणजे थोरली बहीण. मी सही करते, आणि ड्यूटी संपल्यावर त्या बाईच्या घरी जाऊन नळ्या रिकाम्या करते. अशा माझ्या किती धाकट्या बहिणी या चेन्नईत आहेत, मला आठवत नाही. मी त्यांना आठवत असेन असं वाटत नाही.

* * *

डॉक्टरांना माझ्या कमरेचं सांगितलं ते रागाच्या भरात. एका पेशंटला ट्रॉलीवरून खाटेवर घेताना माझ्या कमरेत अशी कळ आली की मी तिथंच जमिनीवर बसले. डॉक्टर म्हणाले, वजन कमी कर. मी म्हटलं, तुम्हीही तेच म्हणा. आता फक्त वॉचमन राहिला, त्याला विचारून येते.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, झोप खाटेवर. झोपले. म्हणाले, हात न लावता नुसतं डोकं उचल. उचललं. त्यांनी माझ्या पोटाच्या मधोमध बोटं ठेवली, तर ती आत गेली. चार बोटं, आडवी. स्नायू दोन्हीकडं सरकलेले आणि मध्ये नुसती कातडी. पोटानं धरायचा भार कमरेनं धरलेला, इतकी वर्षं.

मला जुळी झाली होती. एक राहिला, एक गेला. पोटाला ते कोणी सांगितलं नाही. ते दोघांसाठी ताणलं ते तसंच राहिलं.

डॉक्टर म्हणाले, "शालन, तू खरं सांगत होतीस."

एवढंच म्हणाले, पण मला तोंड भिंतीकडं करावं लागलं. मग म्हणाले, ऑपरेशन मी करतो, हॉस्पिटलशी खर्चाचं मी बोलतो, तू एकच काम कर. घरी पंधरा दिवस कोण राहणार ते ठरव, मग तारीख देतो.

मी म्हटलं, सांगते. साडेतीन महिने मी ते नाव शोधत होते. तेवढ्यात हे बाकीचे किस्से झाले, आणि काही त्याआधीचे आठवले.

* * *

टी. नगरला एक बाई राहते, साड्यांच्या दुकानावर बसते. ती आली तेव्हा चांगली नव्वद किलोची होती. तिला वाटलं, आत जायचं, झोपायचं, आणि साठ किलोची होऊन बाहेर यायचं. डॉक्टरांनी सांगितलं, हे वजन उतरवायचं ऑपरेशन नाही. आधी वजन उतरवा, सहा महिने ते तिथंच ठेवा, मग या. बाई रागावून बाहेर आली आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारू लागली, खरं सांग अक्का, काढतात ते किती भरतं? मी ट्रे उचलते, मला अंदाज आहे. म्हटलं, दीड किलो. फार तर दोन.

"दोन किलो? त्यासाठी एवढं कापून घ्यायचं?"

म्हटलं, म्हणून तर डॉक्टर नको म्हणाले.

सव्वा वर्षानं आली, मी ओळखलंच नाही. रोज पहाटे बीचवर चालून पंचवीस किलो उतरवले होते तिनं. पोटाची कातडी मात्र रिकाम्या पिशवीसारखी. आता डॉक्टरांनी लगेच तारीख दिली. मला कौतुक वाटलं. म्हटलं, घरचे खूश झाले असतील. नवरा काय म्हणाला?

बाई म्हणाली, नवऱ्यानं विचारलं ना. विचारलं, रोज सकाळी एवढ्या लवकर गीझर कोण लावतं?

अटेंडरच्या रकान्यात सेल्वीनं माझं नाव घातलं.

* * *

दुसऱ्या एक बाई तंजावरच्या मराठी कुटुंबातल्या. बँकेतून रिटायर झालेल्या. त्यांचं मराठी जुनं, मधेच तमिळ, पण मला आया न म्हणता शालनबाई म्हणायच्या. चौदा वर्षांत त्या एकट्याच. साठी ओलांडली होती, साखर नव्हती, प्रेशर नव्हतं, तपासण्या सगळ्या चोख. डॉक्टर म्हणाले, वय आड येत नाही, तब्येत आड येते, आणि तुमची चांगली आहे.

अडचण होती सासूबाईंची. वय नव्वदच्या पुढं, पण कान, डोळे, जीभ सगळं शाबूत. या वयात सून पोट कापून घेते म्हटल्यावर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून यांनी घरी सांगितलं, काशीला जाते, बँकेतल्या मैत्रिणींबरोबर, बारा दिवस. आणि आमच्याकडं ॲडमिट झाल्या. पुढचे दिवस मैत्रिणीच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये काढले, अटेंडर मी. रोज संध्याकाळी त्या घरी फोन करायच्या आणि आज अमुक घाट बघितला म्हणून सांगायच्या. मी समोर फुग्यातलं पाणी मापात ओतत असायचे.

अकराव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, गंगा न्यायला पाहिजे. काशीहून रिकाम्या हातानं कोण येतं? मी पोस्टात गेले. तिथं गंगाजलाची सीलबंद बाटली मिळते. मिळाली, पण तिच्यावर काशी नव्हतं, दुसऱ्याच गावाचं नाव. आम्ही दोघींनी लेबल भिजवून नखानं खरवडून काढलं. मग घरातला एक जुना तांब्या घासला, त्यात ते पाणी ओतलं आणि तोंडाला लाल कापड बांधलं. त्या हसत होत्या आणि पोट धरून म्हणत होत्या, शालनबाई, हसवू नका, टाके दुखतात.

बाराव्या दिवशी घरी सोडायला मी गेले, सामान उचलायला. बाई अजून सरळ उभ्या राहत नव्हत्या, कमरेत वाकून चालत होत्या. दारात सासूबाई. मला वाटलं, आता संपलं. सासूबाईंनी सुनेला खालून वर बघितलं, पुन्हा बघितलं, आणि तांब्या हातात घेऊन म्हणाल्या, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर वाकून उभी राहिलीस. काशीचं पुण्य खरं हो."

बाईंनी नंतर मला फोन केला नाही. पहिले काही दिवस मी वाट बघितली, मग सोडलं. मी त्या घराला कुली म्हणून ठाऊक आहे, फोन आला तर कोणाचा म्हणून सांगणार?

* * *

एक नाशिककडचं जोडपं आलं, दोघंही आयटीतले. मुलगी तिशीतली. पहिलं मूल चार वर्षांचं, सिझेरियन. मराठी ऐकून मला बरं वाटलं, मी आत पाणी घेऊन गेले आणि थोडी रेंगाळले. डॉक्टर सगळ्यांना विचारतात तेच त्यांनी विचारलं. अजून मूल हवंय का? कारण पुन्हा दिवस गेले तर शिवलेलं पुन्हा ताणतं, सगळी मेहनत पाण्यात. मूल व्हायचं असेल तर आधी ते, मग हे.

ती म्हणाली, नाही. तो म्हणाला, हो. एकाच वेळी.

डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, हे आधी घरी ठरवा, माझं काम नंतर.

दोघं बाहेर बाकावर बसले. मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. तो मोबाइल बघत होता. ती मला म्हणाली, "अक्का, चार वर्षांत आम्ही हे एकमेकांना विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं म्हणून कळलं."

मी म्हटलं, कळलं ना, मग आता उठा आणि घरी जाऊन भांडा. भांडायला दोन माणसं आहात, वापरून घ्या.

ते परत आले नाहीत. चांगलं झालं की वाईट, मला माहीत नाही.

* * *

सिगारेटचं मात्र लिहून घ्या. आधी सहा आठवडे आणि नंतरही सहा आठवडे, एकही नाही. सिगारेटनं रक्त नीट पोचत नाही, मग कातडीची कड काळी पडते, मरते. मी बघितलंय. वास येतो.

एक वकीलबाई होत्या, मोठ्या रुबाबाच्या. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाल्या, छे, घरात कोणी हातसुद्धा लावत नाही. मी त्यांना गाऊन घालायला मदत करत होते. तोंडाला वेलची, अंगाला सेंट, आणि त्या दोन्हींच्या खाली तो वास. माझा नवरा कारखान्यातून यायचा तसाच. मी डॉक्टरांना सांगितलं. सिस्टर म्हणाली, अक्काला सगळ्यांवर संशय. डॉक्टरांनी तरी लघवी तपासायला पाठवली. निकोटीन निघालं!

बाई जराही डगमगल्या नाहीत. म्हणाल्या, नवरा ओढतो, त्याचा धूर माझ्यात गेला असेल. डॉक्टरांनी नवऱ्याला बोलावलं. तो बिचारा गांगरला. म्हणाला, मी? मी तर सहा वर्षांपूर्वी सोडली, हिला वास सहन होत नाही म्हणून. मग त्यानं मान खाली घातली. रोज एक ओढतो म्हणाला, गच्चीवर टाकीच्या मागं.

बाई म्हणाल्या, "आणि मी बाथरूममध्ये, नळ सोडून."

बावीस वर्षांचं लग्न. मी म्हटलं, आता सोडायची ती सोडा, पण एकदा तरी एकत्र बसून ओढायची होतीत. डॉक्टरांनी मला बाहेर काढलं.

ऑपरेशन तीन महिन्यांनी झालं. नवरा अटेंडर म्हणून राहिला, सगळे दिवस. नळीचं पाणी मापायलाही शिकला. मला त्या खोलीत काही कामच राहिलं नाही. तीन वेळा उगीच जाऊन चादर बदलून आले.

* * *

हा किस्सा हसायचा नाही, पण तुमच्या कामाचा आहे.

ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठवतात. सगळ्या बायका मला शिव्या देतात, तमिळमध्ये, तेलुगूमध्ये, एकीनं इंग्रजीत दिल्या. मी ऐकत नाही. वाकून का होईना, चालायचं. पडून राहिलं की पायात रक्त गोठतं, ते सुटून वर छातीत गेलं तर माणूस जातं. एका पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली, किंवा दम लागला, तर त्याच क्षणी हॉस्पिटल. उद्या बघू नाही.

अड्यारच्या एका बाईच्या घरी मी अशीच अक्का म्हणून जात होते. नवरा दुबईला. बाई चालायला कंटाळायची, टीव्ही लावून पडून असायची. पाचव्या दिवशी गेले तर डावी पोटरी उजवीच्या दीडपट. हात लावला, तापलेली. मी हॉस्पिटलला फोन लावला. नवीन सिस्टर म्हणाली, पट्टा घट्ट झाला असेल, सैल कर. तेवढ्यात दुबईहून व्हिडिओ कॉल. नवरा म्हणाला, तेल लावून चोळायला सांग त्या बाईला.

मी ओरडले. चोळायचं नाही म्हणून ओरडले. शेजारी दारं उघडून बघायला लागले. एका ऑटोवाल्याला जवळजवळ ओढून आणलं, बाईला बसवलं आणि हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत तिला झोपू दिलं नाही. गाठ होती. औषधं सुरू झाली, बाई वाचली.

चार दिवसांनी नवरा आला, मिठाई घेऊन. डॉक्टरांना दिली, सिस्टरला दिली, सेल्वीला दिली. ऑटोवाल्याचा नंबर मागून घेतला, त्याचेही आभार मानायचे होते. मी तिथंच लादी पुसत होते. मग त्यानं सेल्वीला विचारलं, "त्या दिवशी मागं कोण ओरडत होतं हो? फार उद्धट बाई होती."

सेल्वी माझ्याकडं बघत म्हणाली, "अटेंडर."

* * *

आता माझं.

मुलाला मी पुन्हा फोन केला. सरळ सांगितलं, डॉक्टरांनी बोटं घालून बघितलंय, चार बोटांचं अंतर आहे, पंधरा दिवस ये. तो म्हणाला, आई, मी नेटवर बघितलं, हे हौसेचं ऑपरेशन असतं. नेटवर त्याचा विश्वास बसला. मग म्हणाला, आत्ता सुट्टी मिळणार नाही, गणपतीनंतर बघू. गणपतीनंतर म्हणाला, दिवाळीनंतर. तो वाईट नाही. त्याचं घर आहे, हप्ता आहे, लहान मूल आहे. मी त्याला हजारदा सांगितलंय की माझी काळजी करू नको. त्यानं ऐकलं.

खालच्या मामी हो म्हणाल्या, अगदी मनापासून. आणि पुढच्या महिन्यात लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेल्या.

ज्यांच्या घरी मी अक्का म्हणून राहिले, त्यातल्या दोघींचे नंबर माझ्याकडं होते. एकदा एक लावला. तिकडून विचारलं, कोण? मी म्हटलं, राँग नंबर.

शेवटी कमरेनं ऐकेनासं केलं. बादली उचलली की डोळ्यांपुढं अंधार. मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं, मुलगा येतोय. लगेच तारीख मिळाली.

फॉर्मचं काय सांगू. त्या दिवशी ओपीडीत ही गर्दी. सेल्वीच्या खांद्यावर फोन, एका हातात पावतीपुस्तक, समोर दोन माणसं तिच्यावर खेकसतायत. तिनं माझा फॉर्म भरून ठेवलेलाच होता. म्हणाली, सही कर अक्का. तिनं बोट ठेवलं तिथं मी सह्या केल्या, रोज करते तशा.

ऑपरेशन चांगलं झालं. मी उठले तेव्हा घसा कोरडा आणि पोटावर दगड ठेवल्यासारखं. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं मला चालवलं आणि मी तिला कराडच्या भाषेत जे बोलले ते तिला कळलं नाही हे बरं. सगळ्यांनी जपलं. डॉक्टर दिवसातून दोनदा आले. तिसऱ्या दिवशी सोडलं. डॉक्टरांनी विचारलं, मुलगा कुठं आहे? मी म्हटलं, खाली ऑटो बघतोय. ते म्हणाले, बरं. सिस्टर म्हणाली, बरं. चौदा वर्षांत माझ्या ज्या गोष्टीवर सगळ्यांचा झटकन विश्वास बसला ती एवढीच.

घरी आले. जिना वाकून चढले, एकेका पायरीवर बसत. पुढं सगळं मला येतच होतं. गुडघ्यांखाली दोन उशा घ्यायच्या. फुगे सकाळ-संध्याकाळ रिकामे करायचे, पाणी मापून वहीत लिहायचं. पट्टा बांधायला मात्र मागून दुसरं माणूस लागतं. मी त्याचं एक टोक दाराच्या कडीत अडकवलं आणि स्वतःभोवती गोल फिरत गेले. जमलं. चालायच्या वेळेला खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचे आणि स्वतःलाच ओरडायचे, चल ऊठ, नाटकं नकोत. आवाज बरा वाटायचा.

आठव्या दिवशी एकटीच जाऊन नळ्या काढून आले. डॉक्टरांनी मुलाचं विचारलं तर सांगितलं, औषधं आणायला गेलाय.

नवव्या दिवशी प्यायचं पाणी संपलं. आमच्याकडं नळाचं पाणी पिण्यासारखं नाही, वीस लिटरचा कॅन येतो. कॅनवाल्यानं नेहमीसारखा दारात ठेवला आणि गेला. त्याला म्हणता आलं असतं, बाबा, आत स्टुलावर चढवून दे. पण मग तो विचारणार, काय झालं अम्मा? आणि मी काय सांगणार? उंबऱ्याशी बसून मी त्या कॅनकडं बराच वेळ बघत होते. सहा आठवडे जड उचलायचं नाही, हे मी किती बायकांना दरडावून सांगितलंय. एकीनं नातवाला उचललं म्हणून मी तिला रडवलं होतं.

तहान लागली होती. मी उचलला.

दुखलं नाही. पट्ट्याखाली कोमट कोमट लागलं, एवढंच. बघितलं तर पट्टा लाल होत चालला होता. मी कॅन स्टुलावर नीट सरळ केला, तांब्याभर पाणी प्याले, दाराला कुलूप लावलं आणि ऑटो करून हॉस्पिटलात आले.

डॉक्टरांना एवढं संतापलेलं मी कधी बघितलं नव्हतं. आत रक्त साठलं होतं, कडेचे टाके सुटले होते. पुन्हा आत न्यावं लागणार होतं. मी खाटेवर, सिस्टर हातात सुई घेऊन शीर शोधतेय, आणि डॉक्टर माझ्यावर नाही, दुसऱ्याच कोणावर ओरडत होते. नवव्या दिवशी हिला कॅन उचलू देणारा माणूस कोण? घरात बसून काय करत होता? मी म्हटलं, तो बाहेर गेला होता. म्हणाले, बोलव त्याला. मी म्हटलं, फोन लागत नाही. म्हणाले, मला सांगू नको, मी लावतो, त्याला माझ्यासमोर उभा करतो.

मग त्यांनी केसपेपर ओढला आणि मोठ्यानं बोलत लिहायला लागले. अटेंडरच्या हयगयीमुळं जखम उघडली. पुढं नाव लिहायला थांबले आणि दाराकडं बघून म्हणाले, "सेल्वी, फाइल आण. अटेंडरचं नाव वाच."

सेल्वी फाइल घेऊन आली. उघडली. तिनं कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा कागदाकडं बघितलं.

डॉक्टर म्हणाले, "वाच. पेशंट आत न्यायचाय."

सेल्वीनं वाचलं. "नातं, अक्का." तिनं डोळे पुसले. "नाव, शालन मोहिते."